कशानं?

"'मारू नको' कसं म्हणायचं, तेवढं सांग आजी. बाकी काही नको आज."

"कशानं मारू नको?" एल्विनाने विचारलं.

कॅसिडीने कपाळावर हात मारून घेतला. "कशानंही! बालवाडी आहे ती. सकाळपासून एकमेकांना नुसती बडवत असतात पोरं. इंग्रजीत ओरडून ओरडून माझा घसा बसला. म्हटलं आपल्या भाषेत ओरडावं, तेवढंच शिक्षण."

"तसं नुसतं नाही म्हणता येत." एल्विनाने पुढ्यातल्या सपाट दगडावर ओकचं एक फळ उभं धरलं, वरून लहान दगडाने टोला दिला, टरफल दुभंगलं. "मूठ आवळून मारलं तर एक शब्द. उघड्या हातानं मारलं तर दुसरा. हातात काठी असली तर आणखी वेगळा. लांबून भिरकावून मारलं तर त्याचा वेगळा. तुझी पोरं कशानं मारतात?"

"जेकोबी ठोकळ्यानं मारतो."

"हातात धरून की फेकून?"

"आधी हातात धरून. मग पळताना फेकून."

"मग त्याला दोन शब्द लागतील."

"आणि ती लूएला बुटानं मारते."

"बूट पायात असतो की हातात?"

कॅसिडी हसायला लागली. "म्हणजे एकीकडे पोरगं भोकाड पसरून बसलंय, आणि मी आधी चौकशी करायची, बाळा, तिच्या हातात होता की पायात, आणि मग रागवायचं?"

"आमच्या आईला चौकशी लागायची नाही. पाठ करून चूल फुंकत असायची. नुसत्या आवाजावरून ओळखायची कोणी कोणाला कशानं मारलं ते. न वळता बरोबर शब्दानं ओरडायची."

हसताना एल्विनाच्या हातातून फळ निसटलं आणि टेबलाखाली गेलं. कॅसिडीने वाकून ते काढून दिलं. दर बुधवारी बालवाडी सुटली की ती इथे यायची, आणि दोन तास हे असं चालायचं. वर्षभरात ती बऱ्यापैकी बोलायला लागली होती. फक्त शब्दाचं तोंड तिचं नेहमी चुकायचं. कोणी कोणाला, हे त्यांच्या भाषेत, नदीकाठच्या आदिवासींच्या जुन्या भाषेत, शब्दाच्या तोंडाशी येतं, आणि तिथे कॅसिडीची हमखास उलटापालट व्हायची. 'मी कुत्र्याला खायला घातलं' म्हणायला जायची आणि कुत्रा तिला खायला घालायचा. एल्विना डोळे पुसेपर्यंत हसायची. त्या दोन तासांत ती जेवढी हसायची तेवढी उरलेल्या आठवड्यात बोलतही नसे.

तिची धाकटी बहीण होती तोवर रोज सकाळी फोन व्हायचा. बहीण नदीच्या वरच्या अंगाला, हॅपी कॅम्पजवळ राहायची. दोघींना सांगण्यासारखं काही नसे. नदीला पाणी किती, अस्वल कोणाच्या सफरचंदावर चढलं, शाळेच्या स्वयंपाकघरात एल्विनाच्या जागी आलेली बाई बीन्स कशी करपवते, असलंच. पण ते सगळं आपल्या भाषेत, वेगात, एकमेकींची वाक्यं अर्ध्यातून उचलत. गेल्या हिवाळ्यात बहीण गेली. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून एल्विना मनातसुद्धा तिला 'वरची' म्हणायची. त्यानंतर काही दिवस ती सकाळी एकटीच मोठ्याने बोलून बघत होती. जमलं नाही. भाषा एकटीला आठवता येते, बोलता येत नाही. समोर कोणीतरी 'हं' म्हणायला लागतं.

कॅसिडी 'हं' म्हणायची. चुकीच्या जागी म्हणायची, पण म्हणायची.

"भट्टी केलीय आजी तू खोलीची," कॅसिडी म्हणाली.

"लाकडं सुकी आहेत. तुझ्या नवऱ्यानं अंगणाच्या टोकापर्यंत रचून ठेवलीत. आता जाळायची नाहीत तर काय करायचं? बाह्या सरकव की वर."

"असू दे."

"घाम आलाय तुला."

"असू दे म्हटलं ना."

एल्विनाने वर पाहिलं, आणि पुन्हा फळं फोडायला लागली. थोड्या वेळाने तिने फडताळावरची मोठी परात मागितली. कॅसिडी चवड्यांवर उभी राहिली, दोन्ही हात वर केले, आणि उजवी बाही कोपरापर्यंत घसरली. परात टेबलावर येईपर्यंत बाही पुन्हा मनगटावर आली होती.

एल्विनाने तीसेक वर्षं शाळेत पोरांना जेवण वाढलं होतं. ताट पुढे करणारे शेकडो हात तिने पाहिले होते. पडल्यावर येणारा काळानिळा डाग गोल असतो, कडेला विरत जातो. कॅसिडीच्या हातावरचा डाग आडवा होता आणि सरळ होता.

ती गर सोलायला लागली.

कॅसिडीने एक फळ उचललं, बोटांत फिरवत राहिली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आणि दारानं मारलं तर?"

"दार मारत नाही."

"म्हणजे समज, दार जोरात आलं अंगावर."

"मग ते लागलं. लागण्याचा शब्द वेगळा, मारण्याचा वेगळा. मारायला कोणीतरी लागतं."

कॅसिडी 'हं' म्हणाली नाही.

बाहेर, नदीपलीकडच्या उतारावर धूर उठला होता. पुढे वणवा पेटू नये म्हणून पाऊस लागण्याआधी झाडांखालचं रान जाळून घेत होते. कॅसिडीचा नवरा ट्रेंट त्या जाळणाऱ्यांच्या टोळीत होता. संध्याकाळी अंधार पडायच्या आत तो परत येई, पुष्कळदा एल्विनाच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवी. नदीवर त्याला वाईट म्हणणारं कोणी नव्हतं. पहिला मासा मिळाला की तो आधी म्हाताऱ्या माणसांना द्यायचा, मागच्या दाराने, पातेल्यात ठेवून जायचा, थांबायचासुद्धा नाही. एल्विनाच्या छपराचा पत्रा त्यानेच बसवला होता.

दार लागलं. एल्विनाला ते शब्द इंग्रजीत आठवले, कारण तिने ते इंग्रजीतच म्हटले होते. खूप वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरला म्हटलं होतं, शाळेच्या मोठ्या बाईंना म्हटलं होतं. इंग्रजीत किती सोपं होतं ते. वाक्य म्हटलं की संपलं, पुढे कोणी काही विचारत नाही. घरी आल्यावर 'वरची' आली होती, अजून लग्न न झालेली, हातात कसलीशी टोपली घेऊन. तिने डोक्याची पट्टी पाहिली आणि आपल्या भाषेत विचारलं, काय झालं? एल्विनाने तिला उत्तर इंग्रजीत दिलं. दार लागलं. बहिणीने मग टोपली ठेवली, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघी इंग्रजीतच बोलल्या, परक्या बायांसारख्या. पुढे आयुष्यभर रोज फोन झाला, पण ते बोलणं तिथेच राहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बहिणीने विचारलंच असतं.

एल्विनाने हातातला दगड बाजूला ठेवला. हात कमरेच्या फडक्याला पुसले. आणि आपल्या भाषेत, हळू, कॅसिडीला कळेल अशा वेगाने विचारलं, "कशानं?"

कॅसिडी खाली बघत राहिली. तिचे ओठ हलले, थांबले. शाळेत फळ्याजवळ उभं केलेली पोरं मनातल्या मनात आधी जुळवून बघतात, तसं काहीतरी ती जुळवत होती. मग ती एक शब्द बोलली.

एकच शब्द होता, पण त्यात सगळं होतं. त्याने, मला, हातात धरलेल्या लांब वस्तूने.

शब्दाचं तोंड चुकलं असेल, असं एल्विनाला वाटलं. चुकलेलं असावं, असं वाटलं. दर बुधवारी चुकतं. "तू त्याला?" तिने विचारलं.

कॅसिडीने मान हलवली. "नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "बरोबर म्हटलंय मी."

बरोबरच होतं. सुरुवातीपासून शेवटच्या हुंकारापर्यंत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. वर्षभरात पोरीने इतका निर्दोष शब्द उच्चारला नव्हता.

"टॉर्च होती," कॅसिडी म्हणाली. आता ती भरभर बोलायला लागली. "जंगलात नेतात ना, लांब, लोखंडी. त्याचा हातच तसा गेला. म्हणजे नेहमी नाही होत आजी. पाळीवरून थकून आला होता, मी काहीतरी बोलले, मलाही कळायला पाहिजे होतं. नंतर तो रडला. खरंच रडला. आगींचा मोसम संपला की सगळं नीट होईल. तू आईला सांगू नको. ती लगेच गाडी काढून येईल आणि सगळ्या नदीला तमाशा दाखवेल."

"रडला का?"

"हो."

"तुझा आजोबाही रडायचा," एल्विना म्हणाली.

कॅसिडीने भिंतीकडे पाहिलं. तिथे आजोबांचा फोटो होता, लाकडं वाहणाऱ्या ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून, हसताना. तिच्या जन्माआधीच ते गेले होते. त्यांच्याबद्दल घरात जे काही सांगितलं जायचं ते चांगलंच होतं. मासे पकडायला पहाटे सगळ्यांत आधी जायचे. पोरांना खांद्यावर घेऊन नदी ओलांडायचे.

"आजी?"

एल्विनाने कानामागचे केस बाजूला केले. तिथे बोटभर लांब पांढरी रेघ होती, तिच्यावर केस उगवत नव्हते. "सरपणाचं लाकूड," ती म्हणाली. आणि मग तिने तोच शब्द उच्चारला, कॅसिडीने उच्चारलेला. तिच्या आयुष्यात हा शब्द तिने स्वतःबद्दल पहिल्यांदा वापरला होता. तोंडातून तो इतका सहज निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं कुठे ठेवला होता तिने तो?

"तू कुणालाच नाही सांगितलंस?"

"तूच पहिली."

"पण तो चांगला होता ना? आई म्हणते."

"होता की. चांगलाही होता." एल्विनाने परात जवळ ओढली. "म्हणून तर राहिले. त्याच्यातला चांगला माणूस सकाळी उठायचा, तो चहा करायचा माझ्यासाठी. तेवढ्यावर तेरा वर्षं काढली. मग ट्रक दरीत गेला आणि सगळे मला म्हणाले, केवढा मोठा घाला पडला तुझ्यावर. मी रडले. खोटं नव्हते रडले. पण रात्री कडी न लावता झोपले, आणि मला झोप लागली."

कॅसिडी रडत नव्हती. बाहीचं टोक मुठीत धरून बसली होती.

"मी गेले तर बालवाडी सुटेल," ती म्हणाली. "तिथं खाली आईकडे कोण शिकवणार मला? आणि तुझ्याकडे कोण येणार? लाकडं कोण फोडून देणार? तो फिरकेल का इथं?"

"नाही फिरकणार."

"मग?"

पोरीने जे विचारलं तेच एल्विना स्वतः केव्हापासून मनात घोळवत होती. पोर गेली तर परत लवकर येणार नव्हती. ट्रेंट नदीवर आहे तोवर तरी नाही. फोन येतील, सुरुवातीला बुधवारी, मग कधीतरी, मग सणाला. एवढंच म्हटलं तरी चाललं असतं की, बघ बाई, तुझं तुला ठरवायचंय. जाणती आहेस. एवढं म्हटलं असतं तर कोणी दोष दिला नसता, आणि पुढच्या बुधवारी याच खुर्चीवर पोर बसली असती, बाह्या मनगटापर्यंत ओढून, 'हं' म्हणत. 'वरची'नेही एवढंच केलं होतं. तिने टोपली ठेवली होती आणि काही विचारलं नव्हतं.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून फोनपाशी गेली.

"आजी, नको. प्लीज."

युरेकाला तिच्या मुलीने, कॅसिडीच्या आईने, दुसऱ्याच घंटेला फोन उचलला. "आई? या वेळी कसा? बरी आहेस ना?"

"बरी आहे. डोरीन, पोरीला खाली पाठवतेय तुझ्याकडे. अंथरूण घालून ठेव."

"आज? आणि बालवाडी?"

"आज. आत्ता."

"काय झालं? भांडली का ट्रेंटशी?"

"ती सांगेल."

"तू सांग ना. नेहमीचं आहे तुझं. विचारलं की 'काही नाही', विचारलं की 'ती सांगेल'. आई, मी पन्नाशीला आले."

एल्विनाने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. डोरीन लहान असताना तिने ठरवलं होतं, हिला आपली भाषा शिकवायची नाही. शाळेत उपयोग नाही म्हणून, असं ती सगळ्यांना सांगायची. घरातली भांडणं कळू नयेत म्हणून, हे कोणाला सांगितलं नव्हतं.

"तुला शिकवायला हवं होतं मी," ती म्हणाली. "शिकवलं असतं तर 'काय झालं' असं नुसतं नसतं विचारलंस तू. 'कशानं' म्हणाली असतीस."

मग डोरीन हळू म्हणाली, "त्यानं हात उचलला?"

"नुसता हात नाही."

"मी निघतेय. विचपेकच्या पुलापाशी थांबते. तिला म्हणावं गाडी सावकाश चालव, तिथून मी पुढे असेन."

ती ओरडली नाही, तमाशाही केला नाही. एल्विनाने फोन ठेवला तेव्हा कॅसिडी जागेवरून उठली होती.

तिच्याजवळ बालवाडीची पिशवी आणि अंगावरचे कपडे होते. घरी जाऊन काही आणायचं नाही, असं एल्विनाने बजावलं. स्वतःचे दोन स्वेटर आणि रात्रीचा गाऊन पिशवीत कोंबले. "हा गाऊन? आजी, यात मी दोनदा मावेन," कॅसिडी म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं. एल्विनाने तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवताना पोर एका जागी आकसली. तिथेही होतं तर. एल्विनाने हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

गाडीत बसल्यावर कॅसिडीने काच खाली केली. "'मारू नको' राहिलंच."

"नुसतं 'नको' म्हण त्यांना. 'नको'ला कशानं ते सांगावं लागत नाही."

"हे आधी नाही सांगितलंस!"

"आधी सांगितलं असतं तर तू पाच मिनिटांत उठून गेली असतीस."

कॅसिडी ओल्या चेहऱ्याने हसली. आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. 'मी तुला बोलावीन' म्हणायचं होतं; तोंड चुकलं आणि 'तू मला बोलावशील' झालं. एल्विनाने ते सुधारलं नाही.

गाडी नदीच्या खालच्या अंगाला वळली आणि झाडांत दिसेनाशी झाली. एल्विना आत आली. परातीतला गर तसाच होता. तो कुटायचा होता, धुऊन कडूपणा काढायचा होता, चार माणसांची पेज होईल एवढा होता. तिने त्यावर फडकं टाकलं.

त्या संध्याकाळी हॉर्न वाजला, नेहमीसारखा, आणि गाडी पुढे निघून गेली. त्याला अजून कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. गाडीचा आवाज ऐकून एल्विना ओट्यावर येऊन उभी राहिली. ट्रेंट उतरला. झोप न झालेले डोळे, गालाला काजळी. नदीवरचाच पोरगा, त्याची आजी एल्विनाच्या वर्गात होती. पायऱ्यांशी येऊन त्याने टोपी काढली.

"आयुकी, आजी." नमस्काराचा तेवढा शब्द त्याला येत होता. "कॅसिडी इकडे आलीय का? काल घरी आली नाही. फोनही उचलत नाही. मी रात्रभर..." त्याचा आवाज कापरा झाला, आणि तो कापरेपणा खरा होता. "सगळीकडे शोधलं. नदीत तर... तुम्हाला काही म्हणाली का ती?"

एल्विनाने त्याच्या हातांकडे पाहिलं. टोपी धरलेले हात, मोठे, कामाचे, पत्र्याचे खिळे ठोकलेले.

मग ती बोलायला लागली. आपल्या भाषेत, पूर्ण वेगात. जशी फक्त बहिणीशी बोलायची तशी. पोर कुठे आहे ते सांगितलं नाही, ती सुखरूप आहे एवढं सांगितलं. त्याने काय केलं ते सांगितलं, कशाने केलं तेही, त्याच शब्दाने. त्याच्या आजीला हे कळलं असतं तर ती काय म्हणाली असती ते सांगितलं. स्वतःच्या नवऱ्याचं सांगितलं, चहाचं, दरीचं, कडी न लावता झोपल्याचं. शब्द मागे-पुढे न होता एकामागून एक येत होते, कुठेही अडत नव्हते. वर्षभरात ती इतकं बोलली नव्हती.

ट्रेंट गोंधळून बघत होता. मध्येच ओशाळं हसला. "आजी, मला नाही येत हो. आमच्या घरी कोणी शिकवलंच नाही." मग हसू गेलं. ती थांबत नव्हती. "काय म्हणताय तुम्ही? आजी? इंग्रजीत सांगा ना."

एल्विना थांबली. दम घेतला. थंडीत तिचा श्वास पांढरा दिसत होता.

तो वाट बघत होता, मान थोडी पुढे काढून, एक शब्द तरी कळावा म्हणून.

तिने कठड्याला हात टेकला, आणि त्याच्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून, याच भाषेत, जरा सावकाश सांगायला घेतलं.